सही एकाची, पक्कड दुसऱ्याची: वायरमनचा परवाना नेमका कुणासाठी?

तापीकाठ (धागाकर्ता), सोमवार, रात्री 10:20

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाव अमळनेर तालुक्यात. मोठा भाऊ, त्याला आम्ही घरात जिभाऊ म्हणतो, 22 वर्षं वायरिंगची कामं करतोय. आठवीत शाळा सुटली, गावातल्या एका अण्णांच्या मागे शिडी धरत शिकला. नव्या घराचं कन्सील्ड फिटिंग, गणपतीची लायटिंग, लग्नाचा मांडव, नाहीतर रात्री दोनला शेतातली मोटार उठत नाही म्हणून रडणारा स्टार्टर, सगळ्याला जिभाऊलाच फोन. परवाना नाही. आजवर कुणी मागितला नाही, त्यानंही काढला नाही.

गेल्या मे महिन्यात काय झालं ते सांगतो. पारा 45च्या वर होता. गल्लीतल्या एका वहिनी पत्र्याच्या कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होत्या आणि तिथंच चिकटल्या. आवाजसुद्धा निघाला नाही त्यांच्या तोंडातून. सासूबाईंच्या हातात कपडे धुवायचं धोपटणं होतं, त्यांनी ते मनगटावर मारून हात सोडवला. वहिनी वाचल्या. तळहातावर रुपयाएवढा काळा डाग राहिलाय.

त्या घराच्या फायलीत वीज जोडणीच्या वेळचा टेस्ट रिपोर्ट आहे. अर्थिंगच्या (गळकी वीज जमिनीत उतरवायची तार) रकान्यात "योग्य". इन्सुलेशनच्या रकान्यात आकडाही भरलेला. खाली परवानाधारक ठेकेदाराची सही आणि गोल शिक्का. तो ठेकेदार आमच्या गावात कधी आलेलाच नाही.

आता पुतण्या मागे लागलाय की जिभाऊनं परमिट काढून घ्यावं. जिभाऊ म्हणतो, ज्यांच्याकडं परमिट आहे ते काय दिवे लावतात ते दिसलं की. दोघांचंही पटतं मला. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा.

---

भुसावळ_जंक्शन, सोमवार, रात्री 10:41

वहिनी आता बऱ्या आहेत ना? आमच्याकडे दर उन्हाळ्यात एक तरी अशी बातमी येतेच. कूलरमध्ये पाणी भरताना आधी पिन उपसून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर बंद करूनही आत फेज जिवंत असतो.

---

शेवभाजी_तिखट, सोमवार, रात्री 11:05

भो, कागद काय करस? हातमा कला पाहिजे! जिभाऊले सांगा, जसं चालू शे तसं चालू द्या.

---

निवृत्त_निदेशक, मंगळवार, सकाळी 6:50

तीस वर्षं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक होतो. पोरं दाखल्यावर छापलेली नावं वाचून हसायची: जोडारी, संधाता, कातारी, वीजतंत्री, तारतंत्री. "सर, घरी काय सांगू, मी तारतंत्री झालो?" सांग म्हणायचो, तंत्र येत असेल तर सांग.

शेवभाजीराव, कला पाहिजेच. पण कायदा काय म्हणतो तेही ऐका. जुन्या भारतीय विद्युत नियम, 1956 मध्ये नियम 45 होता. तीच गोष्ट केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010च्या सुरक्षा विनियमांत आली, 2023च्या विनियमांतही आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलणं अशी किरकोळ कामं सोडून वीजसंचाचं कुठलंही काम परवानाधारक ठेकेदारानं घ्यायचं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली व्हायचं आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातून व्हायचं. म्हणजे एका कामाला तीन कागद. आपल्या राज्यात हे कागद देतं अनुज्ञापक मंडळ. कारखाने, मोठ्या इमारती आणि उच्चदाबाचे संच तपासतो तो विद्युत निरीक्षक. दोन्ही सरकारीच, पण लोक त्यांची सरमिसळ करतात. महावितरण वेगळंच. महावितरण वीज विकतं, परमिट देत नाही.

"थेट देखरेख" हे दोन शब्द नीट वाचा. देखरेख करणारा जागेवर हवा, असं त्यात गृहीत आहे. तालुक्याच्या गावी दुकानात बसून फॉर्मवर शिक्का मारला की देखरेख झाली, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. हातानं फिरवायचा मेगर ज्यानं फिरवलाय त्याला माहीत आहे. मेन स्विच बंद, दिवे-पंखे काढलेले, एक टोक तारेला, दुसरं अर्थला. 500 व्होल्ट डीसी, एक मिनिट, आणि काटा किमान 1 मेगओहमवर टिकायला हवा. एकदा अमळनेरातल्याच एका जुन्या माडीच्या घरी पोरांना घेऊन गेलो होतो. लाकडी केसिंग-कॅपिंगवर नव्यानं पाइप टाकलेले. हँडल फिरवलं, काटा सरळ शून्यावर जाऊन पडला. एकेक सर्किट सोडवत गेलो. शेवटी देवघराच्या भिंतीत सापडलं: फोटो टांगायला ठोकलेला खिळा पाइप भेदून तारेत शिरला होता. घरमालक म्हणाला, दोन वर्षं झाली, कधी काही झालं नाही. भिंत कोरडी होती म्हणून झालं नाही.

तापीकाठ, एक प्रश्न. त्या घराचं वायरिंग कुणी केलं होतं? तुम्ही लिहिलेलं नाही.

---

औषधी_ताई, मंगळवार, सकाळी 9:15

हा फक्त वायरमनचा प्रश्न नाही हो. माझं डी.फार्म. झालंय, राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी आहे. 2 वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर 500 तासांचं प्रशिक्षण. कायदा 1948चा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, असं त्यात स्वच्छ आहे. कॉलेज संपताच पहिली "नोकरी" काय सांगून आली माहितेय? "ताई, तुम्ही यायची गरज नाही. सर्टिफिकेट फ्रेम करून लावतो, महिन्याला पैसे खात्यात." घरच्यांना तर आनंदच झाला, पोरीला उन्हातान्हात जायला नको म्हणून!

मी नाही म्हटलं. मोठेपणा म्हणून नव्हे. माझ्या नावाखाली कुणीतरी बारावीचा पोरगा शुगरच्या गोळीऐवजी दुसरंच काही देईल, आणि चौकशी आली की भिंतीवर फोटोसकट मीच, ही भीती होती. माझ्या बॅचमधल्या काहींनी मात्र दिलं. त्यांना अजून काही झालेलं नाही, हेही खरं.

---

केळीबाग_रावेर, मंगळवार, दुपारी 1:30

सरांचं सगळं मान्य. पण शेतात या एकदा. आठवड्याचे काही दिवस थ्री फेज रात्री मिळतो. ठिबक चालू, केळी घडावर आलेली, आणि एक फेज गेला. ऑटोनं (वीज येताच आपोआप मोटार उठवणारी पेटी) मोटार चालू केली, दोन फेजवर गुरगुरत राहिली, वाइंडिंग जळालं. अशा वेळी परवानाधारक ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री अशी वरात बांधावर आणायची कुठून? जो हाकेला येतो तो आमचा वायरमन. माणसं किती आणि परवाने किती, हा हिशेब न करता नियम लिहिले की मग सह्या विकल्या जाणारच.

---

वाफेचा_माणूस, मंगळवार, दुपारी 3:10

मी बॉयलरवर. द्वितीय श्रेणीचं प्रमाणपत्र, आधी साखर कारखान्यात, आता तेल गिरणीत. सरकारी भाषेत आम्ही बाष्पक परिचर.

आमच्याकडे सही भाड्यानं द्यायचं काम फारसं चालत नाही. आम्ही साधुसंत आहोत असं नाही, सोय तशी आहे. बॉयलरला नंबर असतो, त्याचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त 12 महिन्यांचं. मुदत संपायच्या आत बॉयलर थंड करायचा, उघडायचा, घासायचा आणि निरीक्षक आत डोकं घालून बघतो. पाण्याच्या दाबाची चाचणीही लागते. आणि बॉयलरवर कोण उभं आहे तेही विचारतो. रात्रपाळीला प्रमाणपत्रवाला नसला तर मालकाच्या मानेवर येतं.

हे असंच आभाळातून पडलेलं नाही. 1863 साली कोलकात्यात मोठा बॉयलर फुटला, माणसं मेली, दुसऱ्याच वर्षी बंगालनं कायदा केला. मग प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे, मग सगळ्या देशाचा 1923चा, आणि आता 2025चा नवा. बॉयलर फुटला की अख्ख्या गावाला ऐकू येतो. कूलरचा शॉक एकाच घराला ऐकू येतो. मला तरी फरक एवढाच दिसतो.

---

ह्यूस्टनकर, मंगळवार, रात्री 11:55

मूळ जळगाव, पिंप्राळा. इथं टेक्सासमध्ये घराचं मेन पॅनल बदलायचं होतं. आलेल्या ठेकेदाराच्या गाडीवर, दोन्ही बाजूंना, परवान्याचा नंबर रंगवलेला. तो नंबर राज्याच्या परवाना विभागाच्या साइटवर टाकला की परवाना चालू आहे की संपलाय ते कुणालाही दिसतं. मी टाकून बघितलं, सवय आपली.

चौकशी केली तेव्हा कळलं: इथं आधी शहराशहराचे परवाने होते, राज्याचा एक परवाना 2004 पासून. शिकाऊ माणसालाही शिकाऊ म्हणून परवाना लागतो. मास्टरच्या हाताखाली 8,000 तास काम केल्याचा पुरावा दिला की "जर्नीमन", म्हणजे शिकाऊच्या वरची पायरी, आणि त्याहून वरचा मास्टर व्हायला 12,000. परीक्षेला कोडचं, म्हणजे वायरिंगच्या नियमांचं, पुस्तक उघडं ठेवून बसायचं. शाळा किती शिकलास हे विशेष कुणी विचारत नाही, तास विचारतात. जिभाऊंचे 22 वर्षांचे तास मोजले तर किती होतील बघा.

आणि या धाग्याच्या कामाची गोष्ट: मास्टरचं नाव एका वेळी एकाच ठेकेदाराला जोडता येतं, फर्म त्याच्याच मालकीची असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे दहा दुकानांना सही विकायची सोय राहत नाही.

---

गुलाब_पार्लर, बुधवार, सकाळी 8:20

ह्यूस्टनकर दादा, तिकडं केस कापायलाही परवाना लागतो असं ऐकलंय, खरं का? धुळ्यात पार्लर आहे माझं. इथं कुठलं मंडळ नाही. थोडीच माणसं कामाला असली तर 2017च्या दुकान कायद्याप्रमाणं फक्त माहिती कळवायची, झालं. आमच्याकडं तीन दिवसांचा क्लास करून पोरी ब्लीच लावायला लागतात. एका नवरीचा चेहरा हळदीच्या दिवशी भाजलेला मी स्वतः पाहिलाय (माझ्याकडं नाही झालं, पण निस्तरायला माझ्याकडं आली).

---

ह्यूस्टनकर, बुधवार, सकाळी 8:45

खरंय ताई. टेक्सासात 1,000 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. पूर्वी 1,500 होते, कमी केले. पण इकडचं सगळंच सोनं नाही. अमेरिकेत 1950च्या सुमारास वीसातल्या एकाला कामासाठी राज्याचा परवाना लागायचा, आता पाचातल्या एकाला लागतो. मंडळावर बसतात त्याच धंद्यातले लोक. नॉर्थ कॅरोलायनात दंतवैद्यांच्या मंडळावर आठांपैकी सहा चालू दवाखान्याचे दंतवैद्य. मॉलमध्ये दात पांढरे करून देणाऱ्या दुकानांना त्यांनी नोटिसा धाडल्या, हे काम आमचंच म्हणून. दवाखान्यापेक्षा दुकानात स्वस्त पडत होतं, पोटात दुखलं ते तिथं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2015 मध्ये मंडळ हरलं. धंद्यातल्यांच्याच हाती मंडळ असेल आणि राज्य त्यावर खरोखर लक्ष ठेवत नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायद्यातून त्याला सूट नाही, असा निकाल.

---

शेवभाजी_तिखट, बुधवार, सकाळी 9:02

म्हणजे कुंपणच शेत खास. मी काय सांगत होतो?

---

औषधी_ताई, बुधवार, सकाळी 9:30

तुम्ही सांगत होता कागद नको म्हणून. ते सांगतायत कागदावर लक्ष ठेवा म्हणून. यात फरक आहे, दादा.

---

निवृत्त_निदेशक, बुधवार, सायंकाळी 7:10

तापीकाठ, माझा प्रश्न तसाच राहिलाय.

---

तापीकाठ, गुरुवार, रात्री 12:35

सर, दोन दिवस टाळत होतो. लिहितो.

वायरिंग जिभाऊचंच. चार वर्षांपूर्वीचं. पाइप, तार, मेन बोर्ड सगळं त्यानं केलं. शेवटच्या दिवशी वास्तुशांतीची घाई होती, आचारी येऊन बसलेला, मालक पंखे लावा म्हणून ओरडत होता. जिभाऊ मेन बोर्डाकडे गेला आणि खोल्यांतले बोर्ड हाताखालच्या पोराला मारायला सांगितले. त्या पोरानं सॉकेटला फेज आणि न्यूट्रल जोडलं. हिरवी तार तशीच ठेवली.

अपघातानंतर जिभाऊनं बोर्ड उघडला तेव्हा मी बॅटरी धरून शेजारी उभा होतो. थ्री पिनच्या वरच्या मोठ्या भोकाचा स्क्रू कोराच, त्याच्यावर पक्कड कधी लागलीच नव्हती. हिरवी तार पाइपातून पार बोर्डापर्यंत आलेली. टोक सोललेलंसुद्धा नाही. गुंडाळी करून मागे कोंबलेली, वर सिमेंटचा एक थेंब वाळलेला. बाहेर अंगणात अर्थिंगचा खड्डा रीतसर होता, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, सगळं. फक्त शेवटची दोन बोटं तार जोडायची राहिली होती. कूलरच्या पंपाची वायर ओलाव्यानं फाटली, फेज पत्र्याला लागला, जमिनीकडं जायला वाट नव्हती, म्हणून फ्यूजही उडाला नाही. वाट वहिनींच्या हातातून गेली.

जिभाऊ काही बोलला नाही. तार सोलली, स्क्रू आवळला, बोर्ड बंद केला. मग घरोघरी जाऊन त्या वर्षी केलेल्या सगळ्या घरांचे बोर्ड उघडले, नऊ घरं. आणखी दोन ठिकाणी तसंच निघालं. त्याच पोराचं काम.

टेस्ट रिपोर्टचे 500 रुपये जिभाऊनंच नेऊन दिले होते त्या ठेकेदाराला. दर वेळी देतो. मालकाच्या बिलात "फॉर्म खर्च" म्हणून लावतो. हे मी पहिल्या दिवशी लिहिलं नाही. लाज वाटली.

---

भुसावळ_जंक्शन, गुरुवार, सकाळी 7:25

लिहिलंत ते बरं केलंत. नऊ घरं पुन्हा उघडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

---

केळीबाग_रावेर, गुरुवार, सकाळी 8:00

माझं वरचं म्हणणं अर्धं मागं घेतो. रात्रीच्या मोटारीला जो येईल तो येऊ द्या. पण नव्या घराला वरात नाही आली तरी एक माणूस मेगर घेऊन यायलाच हवा. बाकी गावात परवानेवाले वाढल्याशिवाय काही होणार नाही, हे अर्धं कायम.

---

निवृत्त_निदेशक, गुरुवार, सायंकाळी 6:30

तापीकाठ, जिभाऊंना माझा नमस्कार सांगा.

चूक पोराची होती आणि ती सापडली असती. तपासणी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपल्या कामाकडे संशयानं बघणं. स्वतःचं काम माणूस मायेनं बघतो, म्हणून त्याला त्यातला कोरा स्क्रू दिसत नाही. मी तीस वर्षं पोरांचे बोर्ड तपासले. प्रत्येक बॅचला पंधरा-वीस बोर्डांत एकाची तरी अर्थ सुटलेली असायचीच, हुशार पोरांचीही. त्या 500 रुपयांत जिभाऊंनी खरं तर ही संशयी नजर विकत घ्यायला हवी होती. मिळाला शिक्का.

आता उपयोगाचं. एक, कौशल्य विकासवाल्यांचं "पूर्वज्ञान मान्यता" प्रमाणपत्र, ज्याला आरपीएल म्हणतात, ते आणि तारतंत्री परमिट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलं मिळालं म्हणजे दुसरं मिळालं, असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. दोन, परीक्षेच्या अटी विद्युत निरीक्षकांच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, मोबाइलवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका. तीन, जिभाऊंना तोंडी परीक्षेची भीती वाटत असेल तर रविवारी माझ्याकडे पाठवा, जळगावलाच असतो. ओहमचा नियम त्यांना हातानं येतोच, तोंडानं म्हणायला शिकवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात.

---

गुलाब_पार्लर, गुरुवार, रात्री 9:05

सर, आम्हालाही असं कुणी शिकवणारं मिळालं तर बघा हो. आमच्या तर मंडळाचाच पत्ता नाही.

---

तापीकाठ, तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री 9:50

खबर देतो.

जिभाऊ तीन रविवार सरांकडं जाऊन आला. पहिल्यांदा जाताना वहीसुद्धा नेली नव्हती, लाज वाटते म्हणाला. आता पुतण्याची जुनी दोनशे पानी वही अर्धी भरलीय. निरीक्षक कार्यालयात जाऊन आलो, कागदांची यादी मिळाली. शाळेचा दाखला सापडत नाहीये, शाळेनं दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज घेतलाय. परीक्षा कधी, बघू.

मेगर घेतला, जुनाच, हातानं फिरवायचा. त्या ठेकेदाराला जिभाऊनं सांगून टाकलं की पुढच्या घराचा रिपोर्ट हवा असेल तर मोटरसायकलवर मागं बसून गावात यायचं, मी मेगर फिरवतो, तुम्ही काटा बघा आणि मग सही करा. तो म्हणाला, एवढ्याला 500 परवडत नाहीत. हजार ठरले. मालकानं कुरकुर केली, पण दिले. परवा पहिल्यांदा आला. दोन बोर्ड उघडायला लावले त्यानं. एकात न्यूट्रल सैल निघाली.

वहिनींच्या घरी 30 मिलिअँपिअरचा, वीज गळताच लाइन तोडणारा ब्रेकर बसवला, पैसे घेतले नाहीत. मेन बोर्डाच्या झाकणाच्या आतून जिभाऊनं पेन्सिलनं अर्थचं माप आणि तारीख लिहून ठेवलीय. सासूबाई रोज सकाळी तुळशीला घातलं की उरलेलं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओततात. कूलरला मात्र अजून कुणी हात लावत नाही, तो माळ्यावर आहे.

---

शेवभाजी_तिखट, रविवार, रात्री 10:15

हजार? मन्हा घरनं वायरिंग बाकी शे. जिभाऊले सांगा, मेगर लई या. शेवभाजी मन्हाकडथीन.